पत्र्याच्या जुन्या जाहिरात-पाट्या: कोकणातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोकणच्या किनाऱ्यावरच्या बाजारपेठांतून मी बरीच वर्षं जुन्या जाहिरात-पाट्या शोधत आलो आहे. काही माझ्या घरी आहेत, काही अजून आपापल्या भिंतींवर आहेत आणि त्या तिथेच राहाव्यात म्हणून मी धडपडतो. लोक भेटतात, मोबाइलवरचे फोटो दाखवतात आणि बहुतेक वेळा तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे: पाटीला हात लावण्याआधी ती कुठल्या गावच्या कुठल्या दुकानावर होती, ते लिहून घ्या.

‘पत्र्याची पाटी’ म्हणजे नेमकी कोणती?

तीन वेगळ्या वस्तूंना आपण हे एकच नाव देतो. तिघींची निगा वेगळी असल्यामुळे हा फरक आधी कळायला हवा.

पहिली इनॅमलची. आजीच्या घरातली निळ्या काठाची पांढरी ताटली किंवा मोठा टोप आठवा, तेच काम. जाड लोखंडी पत्र्यावर काचेची पूड बसवून साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळवतात. पहिला थर काळपट निळा असतो. त्यातल्या कोबाल्टमुळे काच लोखंडाला धरून राहते. त्यावर पांढरा किंवा पिवळा थर, मग अक्षरांचे रंग, आणि प्रत्येक रंगासाठी भट्टीची वेगळी फेरी. रंग काचेतच मिसळलेला असल्याने सत्तर-ऐंशी वर्षांच्या उन्हातही लाल लालच राहतो. मागची बाजूही बहुधा भाजलेलीच असते, कारण एकाच बाजूला काच चढवली तर पत्रा वाकतो.

दुसरी छापील टिनची. टिन म्हणजे पातळ पोलादी पत्र्यावर कथलाचा थर. भांड्याला कल्हई करतात, तसाच प्रकार. त्यावर शिळाछापाच्या तंत्राने चित्र छापतात. पत्र्यावर छापण्याच्या यंत्राचं पेटंट इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ साली घेतलं. चित्रांचे बिस्किटांचे आणि चहाचे डबे याच तंत्राने आले. काही पाट्यांवर अक्षरं दाबून उठावदार केलेली असतात. इथे रंग वरवरचा असतो, त्यामुळे तो उन्हाने विटतो आणि घासल्याने निघतो.

तिसरी हाताने रंगवलेली, गावच्या पेंटरने तेलरंगात काढलेली. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

ओळखायला सोपी खूण वजनाची. दोन फूट बाय तीन फुटांचा एक मिलिमीटर जाडीचा नुसता लोखंडी पत्रा सव्वाचार किलोच्या पुढे जातो, वर काचेचं वजन वेगळं. तेवढाच छापील टिन दीड किलोच्या आतच राहतो.

कोकणात या पाट्या आल्या कशा? इथे तर रेल्वेही नव्हती.

समुद्राने आल्या. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ पासून. त्याआधीची कित्येक दशकं मुंबईचा माल आगबोटीने आणि गलबतांनी हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांत उतरायचा. तिथून होड्यांनी खाडीच्या आत, बैलगाड्यांनी घाटाकडे. राजापूर आणि खारेपाटण ही खाडीकाठची गावं बाजारपेठा म्हणून मोठी झाली ती या पाण्याच्या वाटेमुळेच.

मालाबरोबर कंपनीची पाटीही यायची. म्हणून कोकणातल्या पाट्यांचे विषय ठरलेले दिसतात: घासलेट, साबण, चहा, आगपेटी, बॅटरीचे सेल, शिलाई मशीन, बाळांची औषधं. वीज गावोगाव पोचण्याआधी कंदिलाचं तेल हीच सगळ्यात मोठी गरज होती. त्यामुळे बर्मा शेल या तेल कंपनीचा शिंपला या किनाऱ्यावर वरचेवर भेटतो.

पावसाळ्यात बंदरं बंद असायची. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात सोडला की पुन्हा वाहतूक सुरू. म्हणजे दुकानदाराला चार महिन्यांची बेगमी मे महिन्याअखेर भरावी लागे. पाट्या बहुतेक याच भरतीच्या मालात आल्या असाव्यात, असं मला जुन्या दुकानदारांच्या घरी ऐकलेल्या आठवणींवरून वाटतं. बंदरालगतच्या पेठेत त्या जास्त आढळतात आणि आतल्या वाड्यांत कमी, हे मात्र मी स्वतः हिंडून पाहिलं आहे.

आज त्या सापडतात कुठे?

दुकानाच्या दर्शनी भिंतीवर फार थोड्या उरल्या. बाकीच्या घरच्या कामाला लागल्या आहेत. इनॅमलचा पत्रा कुजत नाही, लवकर गंजत नाही, पाणी धरत नाही. कोकणी माणसाने असा पत्रा फेकून दिलाच नाही. गोठ्याच्या छपरावर फुटक्या कौलांच्या जागी, न्हाणीघराच्या आडोशाला, विहिरीवरच्या टाकीचं झाकण म्हणून, मांगराच्या दाराला खालून ठोकलेला, चुलीमागे भिंत काळी होऊ नये म्हणून उभा केलेला. अक्षरं बहुधा आत, कोरी बाजू बाहेर. मला राजापूर तालुक्यात मिळालेली एक चहाची पाटी गोठ्यात पेंढ्याखाली ओल येऊ नये म्हणून जमिनीवर अंथरलेली होती. गाई-बैलांच्या दोन पिढ्या तिच्यावरून गेल्या, तरी पिवळा रंग धुतल्याबरोबर लख्ख निघाला.

दुसरी जागा म्हणजे पाडकाम. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी दुकानं पाडली गेली, तेव्हा कितीतरी पाट्या लाकूडफाट्याबरोबर भंगारात गेल्या. घर उतरवायचं ठरलं असं कानावर आलं की मी दोन दिवस आधी जातो. मजुरांचा मुकादम, गावातला भंगारवाला आणि जुनी कौलं-वासे विकणारे यांच्याशी ओळख असू द्या.

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर पाट्या भरपूर दिसतात. तिथून घ्यायला हरकत नाही, फक्त ती कुठली याचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही आणि नव्या पाट्या जुन्यांत मिसळलेल्या असतात.

पाटी किती जुनी आहे, हे कसं ठरवायचं?

पाटीवर तारीख क्वचितच असते. तरी तिच्यावरचा मजकूर नीट वाचला तर ती स्वतःच बरंच सांगते.

कंपनीच्या नावापासून सुरुवात करा. सनलाइट साबण आपल्याकडे १८८८ सालापासून येतो आहे, म्हणून साबणाच्या नावावरून काळ कळत नाही. खालच्या ओळीतल्या कंपनीवरून कळतो. लिव्हर ब्रदर्स (इंडिया) ही कंपनी १९३३ साली स्थापन झाली आणि १९५६ साली तिचं हिंदुस्तान लिव्हर झालं. बर्मा शेल १९२८ पासून १९७६ साली सरकारने ताब्यात घेईपर्यंत. एव्हरेडीच्या पाटीवर नॅशनल कार्बन कंपनी असेल तर ती १९५९ पूर्वीची, युनियन कार्बाइड असेल तर नंतरची. इंपीरियल टोबॅकोचं इंडिया टोबॅको झालं १९७० साली. डालडा १९३७ साली बाजारात आला, म्हणजे त्याआधीची डालड्याची पाटी असूच शकत नाही.

मग किंमत आणि वजन. आणे-पै असतील तर पाटी १ एप्रिल १९५७ च्या आधीची समजायला हरकत नाही, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिलेली पाटी मिळाली तर ती जपाच, कारण ‘नये’ हा शब्द १९६४ साली गेला आणि त्या सात वर्षांतल्याच पाट्यांवर तो असतो. शेर आणि पौंड १९५८ पासून टप्प्याटप्प्याने हटले, किलो-लिटर आले.

शेवटी पत्ता, आणि आपल्या भागातल्या संग्राहकाला याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ‘संस्थान सावंतवाडी’ असं छापलेलं असेल तर पाटी संस्थान विलीन होण्याआधीची, म्हणजे १९४८ पूर्वीची. ‘मालवण, जि. रत्नागिरी’ असेल तर १ मे १९८१ च्या आधीची, कारण त्या दिवशी सिंधुदुर्ग वेगळा झाला. अलिबाग किंवा मुरूडच्या पाटीवर ‘जि. कुलाबा’ दिसला तर तीही १९८१ च्या आतली. तेव्हापासून जिल्ह्याचं नाव रायगड झालं. सावंतवाडी-बांद्याकडे पोर्तुगीज मजकुराची पाटी मिळाली तर ती बहुधा १९६१ पूर्वीच्या गोव्यातून इकडे आली.

अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत बनवणाऱ्या कारखान्याचं नाव असतं, ते भिंगाने वाचा. बर्मिंगहॅमजवळच्या सेली ओकची पेटंट इनॅमल कंपनी हे त्यातलं मोठं नाव. देशी पाट्यांवर कलकत्त्याकडचे कारखाने दिसतात.

अनुस्वारावरून पाटीचं वय कळतं, असं तुम्ही म्हणता. ते कसं?

मराठी संग्राहकाला हे हत्यार आयतं मिळालं आहे आणि फार थोडे ते वापरतात.

मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले ते १९६२ साली. त्याआधी ‘येथें’, ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यामुळें’, ‘चांगलें’ असं लिहायचे. अनुस्वार उच्चारात नसला तरी व्याकरणाने तिथे हवाच असे. गावांची नावंसुद्धा तशीच, ‘वेंगुर्लें’. नव्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. शब्दाच्या शेवटचा इकारही बदलला: ‘शक्ति’ होतं त्याचं ‘शक्ती’ झालं.

मला एकदा १९३५ सालची म्हणून एक साबणाची पाटी दाखवली. गंज होता, कोपरे उडालेले होते, मजकूर होता ‘उत्तम साबण येथे मिळेल’. मी ‘येथे’ वर बोट ठेवलं. १९३५ साली मुंबईत मराठी मजकूर तयार करणाऱ्या माणसाने तिथे अनुस्वार गाळला नसता, असं मी म्हटलं. पाटी उलटी केली तर मागचा पत्रा कोरा करकरीत, नुसता काळा रंग फासलेला.

आता याची मर्यादाही सांगतो. लोकांच्या हातातली सवय एका वर्षात जात नाही. सत्तरच्या दशकातही अनुस्वार देणारे पेंटर होते. म्हणून अनुस्वार आहे एवढ्यावरून पाटी जुनी ठरत नाही. आणि इनॅमलचा कारखाना मराठी मुलखाबाहेर असला की खऱ्या पाटीतही मराठी चुका सापडतात: वेलांटी उलटी, जोडाक्षर तुटलेलं. अनुस्वार नसणं ही संशयाची जागा समजा आणि मग बाकीच्या खुणा तपासा.

नकली पाटी ओळखायच्या आणखी खुणा कोणत्या?

अक्षराच्या कडेवरून नख फिरवा. खऱ्या इनॅमलमध्ये रंगांचे थर एकावर एक चढलेले असतात, नखाला पायरी लागते. नव्या पाटीवर मजकूर छापलेला असेल तर नख सरळ घसरतं. भिंगातून बघा: छापील ठिपक्यांची जाळी दिसली तर ते इनॅमल नव्हेच.

उडालेल्या कोपऱ्यात डोकावून पाहा. पांढऱ्याखाली काळपट निळा थर दिसला पाहिजे. पांढऱ्याखाली थेट चकचकीत लोखंड दिसलं तर तो तेलरंग किंवा भाजलेला नवा रंग. लोहचुंबक जवळ ठेवा, कारण काही नकला ॲल्युमिनियमवर करतात आणि तिथे चुंबक चिकटत नाही.

गंजाची जागा बघा. कोकणातली पाटी भोकांभोवती आणि खालच्या कडेला गंजते, कारण पाणी तिथे थांबतं, आणि गंजाचे ओघळ खाली उतरतात. ॲसिड शिंपडून आणलेला गंज सगळीकडे सारखा पसरलेला असतो, त्याला वर-खाली कळत नाही. आणि भोकं पाहा: वर्षानुवर्षं खिळ्यावर टांगलेल्या पाटीच्या वरच्या भोकाची वरची कड झिजलेली असते.

दोन सारखी अक्षरं शोधून शेजारी-शेजारी ताडून पाहा. जुन्या पाटीचा साचा हाताने कापलेला, त्यामुळे एकाच ओळीतले दोन ‘स’ थोडे तरी निराळे निघतात. संगणकाच्या अक्षरांत ते तंतोतंत जुळतात.

गावातल्या जुन्या दुकानावर अजून एक पाटी आहे. मालकाला विचारून काढून घेऊ का?

माझं उत्तर नेहमी एकच असतं: राहू द्या. दुकान उभं आहे, भिंत धड आहे, मालकाला पाटी आवडते, तर तिची जागा तीच. फोटो काढा, मोजमाप घ्या, मालकाकडून दुकानाची हकीकत ऐका. जमलं तर गंजलेले खिळे स्वखर्चाने बदलून द्या. मालवणच्या पेठेतल्या एका दुकानासाठी मी हे केलं आहे आणि आजही तिथून जाताना मला ती पाटी पाहून बरं वाटतं.

घर पडणार असेल, भिंत नवी होणार असेल किंवा मालकानेच ‘घेऊन जा’ म्हटलं तर घ्या. तेव्हाही योग्य पैसे द्या आणि वस्तूची किंमत काय आहे हे आधी सांगा. पाटी कवडीमोलाने घेऊन जाणाऱ्यांमुळे पुढच्या माणसासाठी त्या गावचं दार बंद होतं.

घर बंद आहे, मालक मुंबईला असतात. अंगणात पाटी पडून आहे.

हात लावू नका. घर बंद असलं तरी बेवारस नसतं. गणपतीला किंवा शिमग्याला ते येतातच, तेव्हा भेटा. सामाईक घर असेल तर एका भावाचा होकार पुरेसा धरू नका. पाटीपेक्षा भाऊबंदकी जुनी असते आणि तुमच्यामुळे तिला नवं निमित्त मिळायला नको. सगळ्यांसमोर विचारा, साध्या कागदावर लिहून सही घ्या.

साफ कशी करायची?

इनॅमल असेल तर साधं पाणी, चार थेंब सौम्य लिक्विड साबण आणि सुती फडकं. एवढ्याने नव्वद टक्के काम होतं. कोकणातल्या पाट्यांवर चुन्याचे शिंतोडे फार असतात, कारण दरवर्षी दिवाळीआधी भिंत रंगवताना पाटीवरूनही कुंचला फिरलेला असतो. ओलं फडकं तासभर ठेवून चुना भिजवा आणि बांबूच्या कामट्याने हलकेच उचला. लोखंडी पाते, तारेचा ब्रश, सँडपेपर यांना जवळ फिरकू देऊ नका. जुन्या इनॅमलमध्ये आणि रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, त्याची धूळ छातीत जाणं बरं नव्हे. मुलांना या कामापासून लांब ठेवा.

छापील टिन असेल तर पाणीसुद्धा जपून वापरा. ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं. स्पिरिट, थिनर, रॉकेल काहीही नको. छपाईवरचं वॉर्निश विरघळतं आणि त्याबरोबर चित्र जातं. प्रत्येक वेळी आधी कोपऱ्यातल्या नखाएवढ्या जागेवर करून पाहा.

सुरुवातीच्या काळात मी एका इनॅमलच्या पाटीवर संडास धुवायचं ॲसिड वापरलं होतं. गंज गेला. पण ॲसिड उडालेल्या जागांतून काचेखाली शिरलं आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत तिथून तळहाताएवढे पापुद्रे सुटले. ती पाटी घासलेटच्या एका दुकानाची होती, पेठेत तशी दुसरी नव्हती. ती चूक आजही मनातून जात नाही.

आमसुलाने किंवा चिंचेने घासली तर?

तांब्या-पितळेला ते ठीक. इथे नको. तेही आम्लच आहे आणि लोखंडाला खातं.

खोबरेल तेल लावलं की चमक येते, ते लावू का?

नको. चमक आठवडाभर टिकते, मग तेल खवट होतं, चिकटतं आणि धूळ धरून बसतं. चमक हवी असेल तर रंग नसलेलं मेण अगदी पातळ लावून मऊ कापडाने पुसून घ्या.

गंज थांबवायचा कसा?

खाऱ्या हवेत गंज पूर्ण थांबत नाही, त्याची चाल मंद करता येते. मिठाचे कण हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून किनाऱ्यावर पाऊस नसतानाही लोखंड ओलंच असतं. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो काचेखाली फुगतो आणि वरचा धड भागही उचलून टाकतो. उडालेला एक टवका दहा वर्षांत चार टवके होतो तो यामुळे.

म्हणून पाटी आणली की पहिलं काम मीठ घालवणं. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवून उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळवा. सुटा गंज लाकडी काडीने काढा. मग फक्त उघड्या लोखंडावर, बारीक ब्रशने, टॅनिक ॲसिडचा गंजरोधक लावा. तो गंजाशी मिळून काळा-निळा कठीण थर होतो. कोरडा झाला की वर मेण. हे वर्षातून एकदा, मे महिन्यात, पाऊस यायच्या आत तपासायचं.

उडालेला भाग पुन्हा रंगवून घेऊ का?

माझ्या मते नाही. टवका कुठे उडाला, यातही गोष्ट असते. माझ्याकडच्या एका पाटीवर मधोमध गोल चट्टे आहेत: समोरच्या शाळेतली पोरं तिच्यावर दगडांनी नेम धरायची, असं दुकानदाराच्या मुलीने सांगितलं. ते बुजवून मी काय मिळवलं असतं?

पावसाळ्यात कशी ठेवायची?

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि ऑक्टोबरमध्ये उघडाल तेव्हा टिनवर तपकिरी नक्षी उमटलेली असेल. वर्तमानपत्रही नको, ते ओल धरतं आणि शाई चिकटते. जुनं, धुतलेलं सुती लुगडं किंवा धोतर उत्तम.

जमिनीवर एकावर एक रचू नका. इनॅमल काचच आहे, भाराने तडकतं. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, मधे जाड कापड, खाली लाकडी पट्ट्या. चुलीचा धूर जातो तो माळा कोरडा असतो, तिथे ठेवलेल्या पाट्या मी चांगल्या स्थितीत पाहिल्या आहेत. धुराचा थर येतो, पण तो धुता येतो.

घरात टांगायची तर कुठे?

पश्चिमेच्या, समुद्राकडच्या भिंतीवर नको. जांभ्याची भिंत पावसात पाणी पिते, म्हणून पाटी भिंतीला चिकटवून न लावता मागे बोटभर जागा सोडा. लाकडाची किंवा रबराची ठोकळी चालते. छापील टिन उन्हाच्या तिरिपेत नको, तांबडा रंग आधी जातो.

स्क्रू स्टेनलेसचे घ्या, त्यातही किनाऱ्यावर ३१६ प्रतीचे. पाटी आणि स्क्रू यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला आणि शेवटचा पीळ देऊ नका. भोकाभोवतीची काच फुटते ती बहुतेक वेळा याच शेवटच्या पिळाने.

हाताने रंगवलेल्या पाट्यांना काही मोल आहे का?

आहे, आणि माझ्या लेखी तर सगळ्यात जास्त. कंपनीची इनॅमलची पाटी कराचीपासून मद्रासपर्यंत सारखीच असे. पण ‘येथे गिरणीवर भात सडून मिळेल’ किंवा ‘शीतपेये व सोडा लेमन’ असं एका गावच्या पेंटरने एका दुकानासाठी एकदाच लिहिलेलं असतं. त्यातलं अक्षरांचं वळण, मागची सावली, कडेची वेलबुट्टी हे त्याचं स्वतःचं असतं. कोपऱ्यात पेंटरची सही शोधा. बाजारात अशा पाटीला भाव कमी मिळतो, म्हणून ती आधी भंगारात जाते. फ्लेक्स आल्यापासून या पेंटरांचं काम गेलं, काही जण अजून गावात आहेत. त्यांना जाऊन भेटा, त्यांच्याकडे जुने साचे आणि नमुन्याच्या वह्या असू शकतात.

किंमत किती द्यावी?

आकडा सांगत नाही, कारण तीच पाटी गावात, चोरबाजारात आणि मुंबईच्या लिलावात तीन वेगळ्या भावांनी जाते. भाव ठरतो तो इनॅमल की टिन, मधलं चित्र शाबूत आहे का, भाषा कोणती आणि विषय काय यांवर. मराठी मजकुराच्या पाट्या इंग्रजीपेक्षा कमी भेटतात. चित्र असलेली पाटी नुसत्या अक्षरांच्या पाटीपेक्षा महाग. कडा गेल्या तरी चालतं, चेहरा जायला नको.

सिगारेट-विडीच्या जुन्या पाट्या दुकानात किंवा हॉटेलात शोभेला लावल्या तर?

घरात ठेवा. तंबाखूच्या जाहिरातीवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. पाटी जुनी असली तरी गिऱ्हाइकांसमोर ती जाहिरातच दिसते आणि वाद ओढवू शकतो.

परदेशातल्या माणसाला विकता येईल?

शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याहून नवी असेल तर ती पुरावशेष नाही, असं प्रमाणपत्र पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून घेऊन मगच पाठवा. मला विचाराल तर देवगडच्या पेठेतली पाटी लंडनच्या दिवाणखान्यात कोणाला काही सांगणार नाही.

नोंद ठेवायची म्हणजे काय काय लिहायचं?

एक वही करा. पाटी भिंतीवर असतानाच लांबून एक फोटो घ्या, ज्यात दुकान दिसेल. मग जवळून एक आणि मागच्या बाजूचा एक. गाव, पेठ, दुकान कशाचं, कोणत्या साली सुरू झालं, पाटी कोणत्या दिशेच्या भिंतीवर होती, नंतर तिचा काय उपयोग झाला, तुम्हाला कोणी आणि केव्हा दिली. दुकानदाराच्या घरच्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहा, मालवणीत सांगितलं तर मालवणीत. वहीत पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने फुटते. प्रत्येक पाटीला क्रमांक द्या आणि तो मागे सुती नाडीने चिठ्ठी बांधून लावा, पाटीवर चिकटवू नका.

माझ्याकडे आजोबांच्या वेळची पाटी आहे, पण ती कुठल्या दुकानाची हे घरात कोणालाच माहीत नाही.

पुढची बाजू सोडा, मागची बघा. चुन्याचे थर असतील तर पाटी गिलाव्याच्या भिंतीवर होती. निळीचा चुना, पिवळा चुना असे रंग एकावर एक दिसले तर ते मोजा. तांबडी धूळ असेल तर जांभ्यावर थेट ठोकलेली. काजळी असेल तर ती चुलीकडे वापरली गेली. भोकं चार कोपऱ्यांत आहेत की मधे आणखी मारली आहेत ते पाहा. मधली भोकं घरात नंतर पडलेली असतात. खडूने लिहिलेला हिशेबसुद्धा सापडतो.

मग फोटो घेऊन जवळच्या जुन्या पेठेत सकाळी दहाच्या सुमारास जा, बाजार ओसरल्यावर. सगळ्यात वयस्क दुकानदार किंवा शिंपी कोण ते विचारा आणि त्यांना पाटीऐवजी भोकांचं अंतर आणि आकार सांगा. खारेपाटणात एका आजोबांनी माझा फोटो पाहिलाही नाही, रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे गिलाव्यात चार लाकडी खुंट्या अजून होत्या आणि त्यांच्यामधली जागा बाकी भिंतीपेक्षा पांढरी होती. मी टेप लावली. दोन फूट बाय तीन फूट.